पाचवा भ्रूण

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी प्रयोगशाळेतून फोन आला. आमच्या प्रकरणावरचं काम त्यांनी थांबवलं होतं.

फोनवर प्रयोगशाळेची समुपदेशक होती. तिचं मराठी पुण्याकडचं होतं.

"मॅडम, तुमचं आणि मिस्टरांचं रक्त एकाच दिवशी घेतलं होतं का?"

"हो. एकाच खुर्चीवर, पाठोपाठ."

"नळ्यांवर नावं कुणी लिहिली?"

"तिथल्या सिस्टरनी. माझ्यासमोर."

"कारण एका ठिकाणी तुमचं दोघांचं अगदी एकसारखं येतंय. नमुन्यांत गडबड झाली असावी, असं आम्हाला वाटतंय. किंवा मग, तुमचं लग्नाआधीचं काही नातं आहे का?"

"आहे. तो माझा आतेभाऊ."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"फॉर्मवर 'नाही' लिहिलंय."

"लिहिलंय. खाली सही माझी आहे."

मी कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांमधली नावं, वयं, गावं आणि नाती तपासणं हे माझं काम. मृताचा चुलतभाऊ की मावसभाऊ, हे वार्ताहराला दोनदा विचारल्याशिवाय मी बातमी पुढे सोडत नाही. आणि स्वतःच्या नवऱ्याशी असलेलं नातं मी सही करून नाकारलं होतं.

ते कसं झालं ते असं. त्याआधीच्या डिसेंबरात राजारामपुरीतल्या क्लिनिकमध्ये आमचा फॉर्म भरला जात होता. मी, नवरा आणि आत्या असे तिघं टेबलापुढे बसलो होतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि माझी सासू. सिस्टर एकेक प्रश्न वाचत होती. मधुमेह, रक्तदाब, आधीची ऑपरेशनं. मग तिने विचारलं, "नवरा-बायकोचं रक्ताचं नातं?"

"न्हाय न्हाय," आत्या म्हणाली. "आडनाव येगळं, कूळ येगळं, गाव येगळं. रक्ताचं कसलं?"

सिस्टरने 'नाही'वर खूण केली. नवऱ्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी फॉर्म वाचला आणि सही केली. त्या क्षणी मला काहीही खटकलं नाही.

आमच्याकडे रक्त म्हणजे भावकी. बापाच्या बाजूने जे येतं ते रक्त. भावकीत लग्न म्हणजे बहीणभावाचं लग्न. ते कुणी मनातही आणत नाही. मामाचं घर हे वेगळं घर. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं आमच्या जैन शेतकरी घरांत सर्रास म्हणतात, आणि गडहिंग्लजच्या पट्ट्यात ते फक्त म्हणत नाहीत, करतात. माझ्या आजीचं लग्न असंच झालेलं. माझंही तसंच झालं. बळजबरी नव्हती. तो मला लहानपणापासून माहीत होता, मला आवडत होता, आणि मी हो म्हटलं होतं. क्लिनिकमध्ये मी सासूला 'आत्या' म्हणत होते, तेही कुणाला वेगळं वाटलं नाही. सासूला आत्या म्हणणाऱ्या सुना कोल्हापुरात घरोघरी आहेत.

या लग्नाबद्दल पुढच्या काळात मला अनेकांनी डोकं हलवून दाखवलं. त्यांच्यापैकी कुणाचीही मी माफी मागितलेली नाही. मागितली ती फक्त त्या समुपदेशकेची, कारण तिचे तीन आठवडे माझ्या सहीमुळे वाया गेले होते.

आमच्या मुलीच्या आजारपणात हा प्रश्न कुणी विचारला होता का, ते मी माझ्या नोंदवहीत शोधलं. विचारला असेल तर माझ्या नोंदीत नाही.

आम्हाला एक मुलगी होती. ती दोन महिन्यांची असताना पाय उचलेनाशी झाली. चौथ्या महिन्यात तिने मान धरायला हवी होती, धरली नाही. तपासणीत एसएमए निघाला. या आजारात कण्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात आणि स्नायूंची ताकद संपते. बुद्धीला काही होत नाही. ती आम्हाला ओळखत होती. फिरत्या पंख्याकडे डोळे फिरवायची. तिचं रडणं इतकं बारीक झालं होतं, की ते ऐकू यावं म्हणून मी कुकर लावणं बंद केलं होतं. आठव्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, न्यूमोनियाने ती गेली.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं मी लिहून ठेवलं आहे. या जनुकाच्या प्रत्येकात दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही खराब असतील तर आजार होतो. एकच खराब असेल तर काहीही होत नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात. आम्ही दोघं वाहक होतो. प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक.

म्हणून आम्ही या रस्त्याने गेलो. शरीराबाहेर भ्रूण तयार करायचे, पाचव्या दिवशी त्यांच्या काही पेशी काढून तपासायच्या, आणि ज्यात आजार नाही तो गर्भाशयात ठेवायचा. त्याआधी प्रयोगशाळेला घराण्याचा नकाशा लागतो. खराब प्रत कोणत्या तुकड्याबरोबर पुढे सरकते, हे ओळखण्याच्या खुणा त्या नकाशावर असतात. माझ्या आणि नवऱ्याच्या खुणा वेगळ्या असतील असं धरून त्यांनी काम सुरू केलं होतं. त्या सारख्या निघाल्या. म्हणजे तुकडा दोघांकडे एकाच माणसाकडून आला होता.

"आता जास्तीच्या खुणा शोधाव्या लागतील," समुपदेशक म्हणाली. "मुलीचा नमुना आमच्याकडे साठवलेला आहे. तुमच्या सासूबाईंचं आणि वडिलांचं रक्त मिळालं तर नकाशा पक्का होईल."

"वडील चार वर्षांपूर्वी गेले."

"मग सासूबाईंचं तरी पाहिजेच."

मी त्याच दिवशी आत्याला फोन केला. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. गडहिंग्लजपासून सात किलोमीटरवर राहते. दोन म्हशींचं दूध अजून स्वतः काढते आणि डेअरीला स्वतः नेऊन घालते.

"माझं रक्त कशाला?" ती म्हणाली.

"ते कुठून आलं बघायला."

"आमच्या घराण्यात असलं काय न्हवतं बाई. तुझ्या आईकडनं आलं आसंल. ती माणसं पहिल्यापासनं किरकिरी."

"मग तुझ्या रक्तात काही निघणार नाही. झालं की."

"देतो की. मी काय भितो व्हय?"

आमच्याकडच्या बाया असंच बोलतात. देतो, येतो, जातो. शुक्रवारी सकाळच्या एसटीने ती आली. बरोबर पिशवीत गाळायचं फडकं होतं, कारण क्लिनिकमधलं पाणी ती तसं पिणार नव्हती.

बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी आजऱ्याकडची एक बाई सुनेला घेऊन बसली होती. सून खाली मान घालून मोबाइल बघत होती.

"कुठनं आलासा?" बाईने आत्याला विचारलं.

"गडहिंग्लजकडनं. तुमी?"

"आजरा. ही आमची सून. सात वर्सं झाली. तुमची सून कुठली?"

"ही की. सून बी हीच आन् भाची बी हीच."

काउंटरवरच्या सिस्टरने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. फॉर्म तिनेच भरला होता.

"एवढं सगळं तपासत्यात म्हणं," बाईने आवाज खाली आणला. "मग पोरगाच बघून घ्यायचा की. आमच्याकडं म्हणत्यात, ह्यात कळतंय."

आत्याने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे, असा फलक तिथे कायद्याने लावलेला असतो.

"वाचाय येतंय न्हवं? आत टाकतील तुमास्नी."

"आवो, विचारलं नुस्तं."

"मी बी सांगितलं नुस्तं." थोड्या वेळाने आत्या स्वतःहून म्हणाली, "आमाला मान धरणारं पोर पायजे. पोरगा आसू दे न्हायतर पोरगी."

बाईने पिशवीतून काजूची पुडी काढून आत्यापुढे धरली. आत्याने चार काजू घेतले. आत जाऊन तिने हात पुढे केला आणि सुई टोचताना सुईकडे बघत राहिली.

आत्याचा अहवाल मार्चच्या शेवटी आला. तो घेऊन मी गावी गेले. हे फोनवर सांगायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. दुपारची वेळ होती. ती न्हाणीघराजवळ पाणी गाळत होती.

"आलीस? सांग."

"तू वाहक आहेस."

तिने कळशी खाली ठेवली. फडकं हातातच होतं.

"म्हंजे माझ्यातनं त्याच्यात गेलं."

"हो. आणि आमच्या दादांमधून, तुझ्या भावामधून, माझ्यात आलं. तुमच्या दोघांकडे ते आजोबा-आजीपैकी कुणाकडून तरी आलंय. कुणाकडून, ते आता कळणार नाही."

"आन् मला काय झालं न्हाय कधी."

"वाहकाला काही होत नाही."

ती पायरीवर बसली. फडकं पिळून मांडीवर पसरलं. मग म्हणाली, "तुझ्या आईला फोन लाव."

मी लावला. तिने फोन कानाला न लावता तोंडापुढे धरला, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

"वैनी, मी लई बोललो तुमास्नी. पोरगी गेल्यापास्नं बोलतोय. ते तुमच्याकडचं न्हवं. माझ्यातनंच हाय."

"बरं वन्सं," माझी आई म्हणाली. "जेवलासा न्हवं?"

"न्हाय अजून."

"मग जेवा आधी."

एवढंच बोलणं झालं. चार वर्षं चाललेला वाद त्यात संपला, असं मी म्हणणार नाही. त्यानंतर आत्याने आईला त्यावरून बोलल्याचं माझ्या कानावर नाही.

नकाशा एप्रिलमध्ये पूर्ण झाला. मे महिन्यात बारा दिवस इंजेक्शनं घेतली आणि स्त्रीबीजं काढली. त्यानंतर माझ्या पोटात पाणी साठलं. तीन दिवस दवाखान्यात होते, पाचव्या दिवशी कामावर गेले. अकरा बीजं मिळाली होती. त्यातून सात भ्रूण झाले, पाच पाचव्या दिवसापर्यंत टिकले. पाचांच्याही पेशी काढून पाठवल्या आणि भ्रूण गोठवून ठेवले.

अहवाल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. एका पानाचा तक्ता होता. पहिला भ्रूण, बाधित. दुसरा, बाधित. तिसऱ्यात आणि चौथ्यात गुणसूत्रांची संख्या चुकीची. ते टिकणारे नव्हते. पाचवा, गुणसूत्रं ठीक, वाहक.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. माझ्याबरोबर नवरा होता. आत्याही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टर शांत बाई आहेत. घाई करत नाहीत. त्यांनी तक्ता आमच्याकडे वळवला.

"पाचवा ठेवता येतो. वैद्यकीय हरकत काहीच नाही. पण घरच्यांशी बोलून ठरवा. बरेच जण अशा वेळी आणखी एक फेरी करतात. कदाचित पूर्ण क्लीन एम्ब्रिओ मिळेल."

"क्लीन म्हणजे?" मी विचारलं.

"ज्यात खराब प्रत अजिबातच नाही."

"या तक्त्यात मी कुठे बसते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाहकमध्ये."

"हा?"

"वाहकमध्ये."

"आणि या?"

"वाहकच."

"म्हणजे या खोलीत चौघांपैकी तिघं पाचव्या क्रमांकाचे आहेत. चौथ्या तुम्ही. तुमची तपासणी झाली आहे?"

डॉक्टर हसल्या. "नाही झालेली."

"डॉक्टरीणबाई, मनावर घेऊ नगासा," आत्या म्हणाली. "पेपरवाल्याचं तोंड हाय ते." मग ती माझ्याकडे वळली. "पर मला ईचारशील तर नगं. माझ्यापासनं आलंय, ते माझ्यापाशीच थांबू दे. पुढं कशाला न्यायचं?"

"आपण आणखी एक फेरी करू," नवरा म्हणाला. त्याने डॉक्टरांकडे बघून म्हटलं, माझ्याकडे नाही.

डॉक्टरांनी नियम सांगितला. भ्रूण ठेवण्याच्या संमतीवर दोघांची सही लागते. एकाची चालत नाही. घाई नाही, त्या म्हणाल्या. गोठवलेला भ्रूण थांबतो.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, की मी दुसरी फेरी करणार नाही.

हे मी चिडून सांगितलेलं नव्हतं, म्हणून कारणंही लिहून ठेवते. दुसरी फेरी माझ्या पोटावर होणार होती. माझं वय सदतीस होतं आणि पुढच्या वेळी बीजं कमी मिळणार, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण ही कारणं नंतरची. पहिलं कारण हे, की पाचव्या भ्रूणात काहीही वाईट नव्हतं. जे माझ्यात आहे तेच त्याच्यात होतं. त्याला नाकारायचं तर मला आरशात बघून तेच म्हणावं लागलं असतं, आणि ते मी म्हणणार नव्हते. आजार असलेला भ्रूण नको, हे मीच ठरवलं होतं आणि मुलीला आठ महिने पाहून ठरवलं होतं. ती रेघ मी मारली होती. कुणाच्या समाधानासाठी ती रेघ मी आणखी पुढे सरकवणार नव्हते.

नवरा वारणानगरच्या कॉलेजात शिकवतो. रोज सकाळी सातला निघतो, संध्याकाळी सहाला येतो. त्या आठवड्यात तो घरी आल्यावर आम्ही दोघं फार बोललो नाही. रविवारी सकाळी बोललो. आत्या गावी परत गेली नव्हती. म्हशी शेजारणीकडे सोपवून ती आमच्याकडेच राहिली होती, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात होती.

"वाहकाला आजार होत नाही," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. मी फिजिक्स शिकवतो, मला टक्केवारी समजते."

"मग?"

"मी आठ महिने तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजलेत. मला त्यातलं काहीच नकोय. ते नावसुद्धा घरात नको."

"ते नाव घरात आहेच. तू आहेस, मी आहे. आत भाजी चिरते आहे ती आहे."

"उद्या ते मूल मोठं होईल. लग्नाच्या वेळी सांगावं लागेल."

"सांगू. पत्रिकेत छापू."

"तुला चेष्टा सुचते."

"चेष्टा नाही. आपल्या पत्रिकेत कुणी छापलं असतं तर तू आणि मी रक्त तपासून घेतलं असतं. लाज वाटायची तर न सांगण्याची वाटू दे."

"अरे तुरे करून नवऱ्याला शिकवतीस काय गं?" आतून आत्याचा आवाज आला.

"तो नवरा व्हायच्या आधी वीस वर्षं मी त्याला अरेच म्हणत होते," मी म्हटलं.

"आन् मी तवा बी सांगत हुतो, आरं म्हणू नगंस."

नवरा हसला, पण सही केली नाही. कागद टेबलावर राहिला. त्यावर माझी सही होती आणि शेजारची जागा रिकामी होती.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला उरलेल्या भ्रूणांबद्दलचा प्रश्न होता. नष्ट करावेत, संशोधनाला द्यावेत, की साठवून ठेवावेत. मंगळवारी संध्याकाळी आत्याने मला तो वाचून दाखवायला सांगितला. सूर्य मावळायच्या आत ती जेवून उठली होती.

"ती दोन आजारी हायत, त्यांचं काय करणार?"

"तीन पर्याय आहेत," मी म्हटलं, आणि वाचले.

"आमी पाणी गाळतो," ती म्हणाली. "फडक्यात जे जीव राहत्यात, ते फडकं उलटं करून परत त्याच हिरीत सोडतो. आजचं न्हाय, माझ्या सासूच्या सासूपासनं. तुमी ह्यास्नी कुठं सोडणार?"

मी कागद पुन्हा टेबलावर ठेवला.

"न्हाय म्हणजे मी आडवत न्हाय," ती म्हणाली. "तू लेकरू मांडीवर मरताना बघितलंयस. मी बी बघितलंय. नुस्तं ईचारलं."

"मग पाचव्याला तू नको म्हणतेस, ते कसं?" मी विचारलं. "त्याला तर काहीच झालेलं नाही. जीव म्हणून दोन आजाऱ्यांची काळजी करतेस आणि धडधाकट आहे त्याला हिरीबाहेर ठेवतेस."

ती काही वेळ फडक्याची घडी करत बसली.

"ते मला माझंच वाटतंय गं," ती म्हणाली. "माझ्या अंगातनं निघालं आन् पोरगी गेली. तसलं परत माझ्याच अंगातलं..."

"आत्या, आयुष्यभर तू डेअरीला दूध घालतेस. दादांनी चौतीस वर्षं सायकलवरून शाळेत जाऊन पोरं शिकवली. तुमच्या अंगातून मीही निघाले आणि तोही निघाला. तेवढं सोडून एकच मोजतेस."

"पेपरात असंच लिवतीस व्हय?"

"पेपरात मी काहीच लिहीत नाही. दुसऱ्याचं खोडते."

"खोडतीस ते दिसतंय," ती म्हणाली आणि उठली.

त्या कागदाच्या मागच्या प्रश्नावर नंतर आम्ही 'सध्या साठवून ठेवावेत' असं लिहिलं. तो निर्णय नाही, हे मला माहीत आहे.

बुधवारी आत्या गावी जायला निघाली. नवरा तिला स्टँडवर सोडायला जाणार होता. चप्पल घालता घालता ती त्याला म्हणाली, "हे बघ. मला काय पटलेलं न्हाय. अजून बी पटलेलं न्हाय. पर सही कर."

"का?"

"पोट तिचं हाय. आपुन दोघं नुस्तं तोंड चालवतोय."

"आई, तूच डॉक्टरांसमोर नको म्हणालीस."

"म्हणालो की. आजबी म्हणतोय. ईचार माझा हाय, सही तुझी हाय. दोन्ही एका ठिकाणी कशाला बांधतोस? चल, गाडी चुकंल."

त्याने शनिवारी दुपारी सही केली. निळ्या शाईने, तारखेसह. आईच्या बोलण्याने केली, माझ्या बोलण्याने केली की स्वतःच्या काही कारणाने, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्यामुळे ते इथे लिहिता येत नाही.

सही झाल्याचं मी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, की दुसऱ्या फेरीचा विचार पूर्ण बाजूला ठेवायचा का. मी म्हटलं, ठेवायचा. मग त्यांनी पुढच्या महिन्याची औषधं लिहून दिली.

मधल्या काळात नात्यातल्या दोघा-तिघांपर्यंत गोष्ट पोहोचली. कशी, ते कळलं नाही. सांगलीहून नवऱ्याच्या एका चुलतीचा फोन आला. "सगळं कळत असून दोषाचं ठेवलंत म्हणे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो. माझ्यासारखंच." ती म्हणाली, "तसं न्हवं गं," आणि मग बराच वेळ पावसाबद्दल बोलली.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाचवा भ्रूण माझ्या गर्भाशयात ठेवण्यात आला. प्रक्रियेला सात मिनिटं लागली. नवरा खोलीत होता. त्याआधी पडद्यावर भ्रूण दाखवतात. एक गोल होता, एका बाजूने किंचित फुगलेला. पेशी काढलेली जागा कोणती, ते नवऱ्याने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पेनने दाखवली. सोमवारी मी कामावर गेले.

बाराव्या दिवशी रक्त तपासलं. गर्भ राहिला होता. आत्याला नवऱ्याने फोनवर सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि डेअरीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी तिचाच परत फोन आला. मी जिने चढते का आणि स्कूटर चालवते का, हे तिला हवं होतं. मी दोन्ही करत होते, आणि तसं सांगितलं.

सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले.

भ्रूणाच्या थोड्या पेशींवरून काढलेला निष्कर्ष क्वचित चुकू शकतो. म्हणून सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासून खात्री करतात. ती तपासणी करायची की नाही, यावर घरात पुन्हा बोलणं झालं. सुईला धोका असतो. नवरा म्हणाला, की त्याला कळायलाच हवं. मी म्हटलं, की मलाही. तपासल्याशिवाय मी काही पुढे सोडत नाही. आत्या म्हणाली, "आन् वाईट निघालं तर?" तर काय करायचं, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं, आणि तिला ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

गर्भजल नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी घेतलं. नमुना त्याच प्रयोगशाळेला गेला. या वेळचा फॉर्म मी स्वतः भरला. तपासणीच्या दिवशी आत्या क्लिनिकमध्ये आली होती, आणि तिने सबंध वेळ बाहेर बाकावर बसून काढला.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी समुपदेशकेचा फोन आला. तिने आधी निष्कर्ष वाचला, मग अहवाल पाठवला. मी दोन्ही ताडून पाहिले. मजकूर एकच होता. गर्भ वाहक आहे. गर्भाला आजार नाही.